कटऑफ किती लागला ते नंतर, आधी आपले नाव कोणत्या यादीत ते बघा
लॉ प्रवेशाचा हिशेब : गुजरातमधल्या मराठी घरांसाठी

सावली (जि. वडोदरा) : बारावीनंतर मुलाला किंवा मुलीला वकिलीकडे पाठवायचे ठरले की घरातला पहिला प्रश्न असतो, "किती मार्क लागतात?" मग कोणीतरी मोबाईलवर आलेली यादी दाखवतो. अमुक नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीचा कटऑफ इतका, तमुकचा तितका. पालक तो आकडा वहीत लिहून घेतात, मुलगा त्या आकड्याच्या मागे लागतो आणि प्रवेशाच्या वेळी कळते की तो आकडा आपल्यासाठी नव्हताच. तो महाराष्ट्राच्या रहिवाशांचा होता, किंवा शेवटच्या फेरीचा होता, किंवा वेगळ्या प्रवर्गाचा होता.

सावली तालुक्यात मराठी घरे दोन प्रकारची. काही गायकवाडी काळापासून या मुलखात आहेत. पिलाजीराव गायकवाड यांची १७३२ मध्ये डाकोर येथे हत्या झाली आणि अंत्यसंस्कार सावलीत झाले, इतके जुने हे नाते. दुसरी घरे मंजुसर जीआयडीसी आणि आजूबाजूच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेली. दोन्ही घरांत मराठी बोलली जाते, गावाकडे येणे-जाणे आहे, आणि मुलांना मुंबई-नागपूर जवळचे वाटते. पण लॉच्या प्रवेशात भाषा विचारत नाहीत, रहिवास विचारतात. गोंधळ नेमका तिथे होतो.

पासिंग वेगळे, कटऑफ वेगळा

आधी शब्द साफ करून घेऊ. पासिंग म्हणजे आधीच ठरवलेली रेघ. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या लॉ कोर्ससाठी बारावीला सर्वसाधारण गटात ४५ टक्के, ओबीसींना ४२ टक्के आणि एससी-एसटींना ४० टक्के हवेत. ही झाली पात्रता. परीक्षेआधीच ती माहीत असते.

कटऑफ आधी माहीत नसतो, कारण तो कोणी ठरवत नाही. जागा भरत जातात आणि शेवटच्या जागेवर जो विद्यार्थी बसतो, त्याचा रँक किंवा मार्क म्हणजे कटऑफ. कॉमर्सवाल्यांना सांगायचे तर हा शेअर बाजाराचा बंद भाव आहे. दिवस संपल्यावर कळतो, दुसऱ्या दिवशी तोच राहील याची खात्री नसते, आणि प्रत्येक शेअरचा वेगळा असतो. कालचा बंद भाव पाहून अंदाज बांधता येतो, पण त्याच भावाला उद्या माल मिळेल असा हक्क सांगता येत नाही.

क्लॅट, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची सामायिक परीक्षा, २००८ पासून होते. २०१७ मध्ये या विद्यापीठांचा संघ म्हणजे कन्सोर्शियम स्थापन झाला आणि आता तोच ती घेतो. दिल्लीची नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी यात नाही, तिची आयलेट ही परीक्षा वेगळी. क्लॅटमध्ये पास-नापास असे काही नसते. यादीत सगळ्यांना रँक मिळतो. म्हणून "पोरगा क्लॅट पास झाला" या वाक्याला फारसा अर्थ नाही. कितवा आला आणि कोणत्या यादीत आला, हे विचारायचे.

मार्क नको, रँक बघा

क्लॅटचा पदवीचा पेपर २०२४ च्या प्रवेशापासून १२० प्रश्नांचा, १२० मार्कांचा आणि दोन तासांचा आहे. बरोबर उत्तराला एक मार्क, चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा. पेपर फक्त इंग्रजीत. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि थोडे गणित, असे पाच भाग.

आता हिशेब करा. एकाने ११० प्रश्न सोडवले, ८० बरोबर, ३० चूक. साडेसात मार्क कापले गेले, हाती ७२.५ राहिले. दुसऱ्याने ९० च सोडवले, ७८ बरोबर, १२ चूक. तीन मार्क कापले, हाती ७५. कमी प्रश्न सोडवणारा पुढे गेला. कटऑफच्या जवळ एकेका मार्काच्या आत बरीच मुले असतात, तिथे हे अडीच मार्क फार मोठे. मार्क सारखे पडले तर आधी कायदेविषयक भागातले मार्क बघतात, मग वय जास्त असलेल्याला पुढे ठेवतात, आणि तरीही बरोबरी राहिली तर संगणकावर चिठ्ठी निघते.

पेपर कठीण गेला की सगळ्यांचे मार्क खाली येतात, सोपा गेला की सगळ्यांचे वर जातात. समजा एका वर्षी ८० मार्कांना हजारावा रँक आला. पुढच्या वर्षी पेपर सोपा निघाला तर त्याच ८० मार्कांना तीन हजारावा रँक येऊ शकतो. मुलगा तेवढाच हुशार, आकडा तोच, प्रवेश मात्र गेला. हे आकडे समजण्यापुरते धरलेत, पण घडते ते असेच. म्हणून मागच्या वर्षाच्या मार्कांची यादी हातात घेऊन बसू नका. रँकची यादी बघा, आणि तीसुद्धा दोन-तीन वर्षांची.

रँक तरी पक्का असतो का? निकाल लागल्यावर बहुतेक वेळा असतो. पण २०२५ च्या प्रवेशाचे उदाहरण ताजे आहे. परीक्षा १ डिसेंबर २०२४ ला झाली. उत्तरतालिकेतल्या चुकांवरून प्रकरण कोर्टात गेले. २० डिसेंबरला दिल्ली हायकोर्टाच्या एकल पीठाने दोन प्रश्नांबाबत दुरुस्ती सांगितली. वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या याचिका सुप्रीम कोर्टाने दिल्लीला एकत्र केल्या. २३ एप्रिल २०२५ ला खंडपीठाचा निकाल आला, तो पुन्हा सुप्रीम कोर्टात गेला आणि ७ मे रोजी शेवटचे आदेश झाले. डिसेंबरात सुरू व्हायची प्रवेश प्रक्रिया मेपर्यंत अडकून पडली. चार-दोन प्रश्नांच्या उत्तरांवर देशभरातल्या मुलांचे रँक टांगणीला लागले होते. त्या काळात ज्यांनी दुसऱ्या कॉलेजचा अर्ज भरला नव्हता, त्यांचा जीव किती खालीवर झाला असेल, विचार करा.

एका कॉलेजचे कटऑफ किती? डझनभर!

आता मूळ मुद्दा. एका लॉ युनिव्हर्सिटीला एकच कटऑफ नसतो. जागा आधी वेगवेगळ्या यादींत वाटल्या जातात आणि प्रत्येक यादी स्वतंत्र बंद होते.

पहिली वाटणी म्हणजे देशभरातल्यांच्या जागा आणि त्या राज्याच्या रहिवाशांच्या जागा. दुसरी वाटणी प्रवर्गाची : खुला, एससी, एसटी, ओबीसी, आणि २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर आलेला ईडब्ल्यूएस. त्यात दिव्यांगांचे आरक्षण, काही ठिकाणी मुलींसाठी ३० टक्के, शिवाय एनआरआय जागा. प्रत्येक विद्यापीठाची वाटणी वेगळी, कारण प्रत्येक विद्यापीठ आपापल्या राज्याच्या कायद्याने बनलेले.

समजा एका कॉलेजात १०० जागा आहेत. ५० देशभरासाठी, ५० राज्यासाठी. देशाच्या ५० मधून एससीचे १५ टक्के, एसटीचे साडेसात, ओबीसीचे २७ आणि ईडब्ल्यूएसचे १० टक्के वजा केले की खुल्या उरतात जेमतेम २०. म्हणजे "शंभर जागांचे कॉलेज" असे ऐकून आपण ज्या दाराशी उभे राहतो, तिथे खरे तर वीसच खुर्च्या आहेत. त्या ५०० व्या रँकला संपल्या असे धरा. राज्याच्या यादीतल्या खुल्या जागा मात्र ११०० पर्यंत गेल्या. आता सावलीतल्या मुलीचा रँक ८०० आहे. त्या राज्याची रहिवासी असेल तर प्रवेश आरामात. नसेल तर दार बंद. रँक तोच, मेहनत तीच. यादी वेगळी.

मग मोबाईलवर आलेली "अमुक कॉलेज, कटऑफ ११००" ही ओळ त्या मुलीसाठी खोटी नाही म्हणता येणार, पण कामाचीही नाही.

मराठी आहोत, पण महाराष्ट्राचे रहिवासी आहोत का?

महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्या उभ्या राहिल्या : मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तिन्ही ठिकाणी महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. वडोद्याकडच्या कितीतरी मराठी पालकांना वाटते की आडनाव मराठी, गावाला शेत आहे, आजोबांचे नाव सातबाऱ्यावर आहे, तर आपला मुलगा त्यात बसेल.

तसे होत नाही. महाराष्ट्रात डोमिसाईल दाखल्यासाठी साधारण १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. मूल सावलीत जन्मले, इथेच शिकले, तर ते गुजरातचे. आईचे माहेर नंदुरबारचे असो की आजोबा जळगावचे, प्रवेशाच्या टेबलावर त्याला किंमत नाही. गावाकडच्या रेशनकार्डावर नाव चढवून दाखला काढण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. कागदपत्र तपासणीत शाळा सोडल्याचा दाखला समोर येतो, त्यावर शाळा गुजरातची असते, आणि मिळालेला प्रवेश रद्द होण्याची वेळ येते. कायदा शिकायला निघालेल्या मुलाने सुरुवात खोट्या दाखल्याने करावी, हे तर आणखीच वाईट.

सीमाभागातले वाचक इथे विचारतील, बेळगावकडे तर सवलत मिळते ना? बरोबर आहे. महाराष्ट्राने दावा केलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी इंजिनिअरिंगसारख्या सीईटी प्रवेशांच्या नियमांत वेगळी तरतूद आहे. पण ती तरतूद त्या भागापुरती आहे, वादामुळे आली आहे. गुजरातमधल्या मराठी माणसाला ती लागू नाही. बडोद्याचे मराठीपण कितीही जुने असले तरी तो वादग्रस्त सीमाभाग नाही.

उलट बाजूही बघा. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये राज्याच्या मुलांना २५ टक्के जागा देणारा कर्नाटकचा २०२० चा कायदा हायकोर्टाने त्याच वर्षी सप्टेंबरात रद्द केला. नंतर संस्थेने स्वतःच्या धोरणात २५ टक्के "कर्नाटक विद्यार्थी" ठेवले. त्यात कर्नाटकात किमान दहा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. म्हणजे बेळगावात शिकलेली मराठी मुलगी तिथे कर्नाटकची विद्यार्थिनी म्हणून बसू शकते. मातृभाषा कोणती हे तिथे कोणी विचारत नाही. आपल्यालाही हाच धडा घ्यायचा आहे. ज्या राज्यात राहतो, शिकतो, त्या राज्याच्या यादीत आपले बळ आहे.

आपल्यासाठी ते राज्य गुजरात. गांधीनगरची गुजरात नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी २००३ च्या राज्य कायद्याने स्थापन झाली. सिल्वासाला तिचा दुसरा कॅम्पस आहे. तिथला प्रवेशही क्लॅटनेच. या दोन्ही ठिकाणी त्या वर्षीची जागावाटणी वाचणे हे आपले पहिले काम. मुंबईचा कटऑफ नंतर बघा.

एक सावधगिरी. दहावीनंतर मुलांना पुण्या-नाशिकला पाठवण्याचा विचार काही घरांत असतो. चांगला असेल, पण अकरावी-बारावी महाराष्ट्रात केल्याने महाराष्ट्राचे डोमिसाईल आपोआप मिळत नाही. आणि गुजरातच्या एखाद्या प्रवेशात शिक्षण गुजरातमध्येच झाल्याची अट असेल तर तीही हातची जाते. ना इकडचे, ना तिकडचे. पाठवण्याआधी दोन्हीकडचे नियम वाचा.

एसईबीसी हा शब्द दोन्हीकडे एकच, अर्थ दोन

जातीच्या दाखल्याचाही घोळ असाच. गुजरातमध्ये एसईबीसी म्हणजे बक्षीपंच, आपण ज्याला राज्याचे ओबीसी म्हणू. महाराष्ट्रात एसईबीसी म्हणजे मराठा समाजाला २०२४ च्या कायद्याने दिलेले १० टक्के आरक्षण. अक्षरे तीच, यादी वेगळी. गावाकडच्या भावाने काढलेला एसईबीसी दाखला बघून इथल्या अर्जात त्या रकान्यावर खूण करू नका.

याबाबत सुप्रीम कोर्टाचा १९९० चा निकाल आहे, मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध डीन, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. प्रकरण मुंबईच्या मेडिकल प्रवेशाचे होते. कुटुंब आंध्र प्रदेशातून आलेले, तिथे त्यांची जमात अनुसूचित होती, महाराष्ट्रात नव्हती. घटनापीठाने सांगितले की एका राज्यातला हा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. तेव्हा आपली जात गुजरातच्या यादीत आहे का, केंद्राच्या यादीत आहे का, हे दोन प्रश्न स्वतंत्र विचारा. मामलतदार कचेरीतून दाखला काढताना तो राज्याच्या नमुन्यात हवा की केंद्राच्या, तेही विचारून घ्या. नॉन क्रीमिलेअर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले चालू आर्थिक वर्षाचे मागतात, मागच्या वर्षीचा जपून ठेवलेला कागद चालत नाही.

कोणत्या फेरीचा कटऑफ?

प्रवेश एका यादीत संपत नाही. फेऱ्या होतात. जागा मिळाली की मुलाला ठरवावे लागते : हीच पक्की करायची, ती धरून वरच्या पसंतीची वाट बघायची, की बाहेर पडायचे. कोणी वर सरकतो, कोणी फी बघून सोडतो, कोणी दिल्लीला जातो. तितक्या जागा खाली येतात आणि कटऑफ पुढे सरकतो. पहिल्या फेरीचा आकडा पाहून हताश होणे जितके चूक, तितकेच शेवटच्या फेरीचा आकडा पाहून निवांत बसणेही चूक. शेवटच्या फेरीपर्यंत थांबायला पैसे अडकवून ठेवावे लागतात.

पैशाची बाजू कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. क्लॅटचा अर्जच खुल्या गटाला ४,००० रुपयांचा, एससी-एसटींना ३,५०० चा. पुढे कौन्सेलिंगची नोंदणी फी वेगळी, जागा धरून ठेवायची फी वेगळी. बहुतेक नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांचा वर्षाचा खर्च दोन लाखांच्या वर जातो, तोही पाच वर्षे. पसंतीक्रम भरताना घरात हे बोलून घ्या. जिथली फी झेपणार नाही ते कॉलेज यादीत वर लिहिले, जागा तिथे लागली आणि नंतर सोडली, तर मधल्या फेरीतली संधी आणि पैसे दोन्ही अडकतात.

दारे आणखी आहेत

महाराष्ट्रातल्या बाकी लॉ कॉलेजांसाठी राज्याची एमएच सीईटी लॉ आहे, २०१६ पासून. तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, आणि पेपर इंग्रजीसोबत मराठीतही असतो. पण गुजरातचा विद्यार्थी तिथे "महाराष्ट्राबाहेरचा उमेदवार" या वेगळ्या गटात मोजला जातो. त्या गटाचा कटऑफ बघा, महाराष्ट्रातल्यांचा नको. मराठी पेपरचा फायदाही प्रत्येकाला नाही. घरी मराठी बोलणारी, पण शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचणारी मुले इथे बरीच. त्यांनी आधी जुना पेपर वाचून बघावा. जी परीक्षा अनेक सत्रांत होते, तिचा निकाल पर्सेंटाईलमध्ये येतो. ९२ पर्सेंटाईल म्हणजे ९२ मार्क नव्हेत. शंभरातले सुमारे ९२ जण तुमच्या मागे, इतकाच त्याचा अर्थ.

आणि घराजवळ वडोद्यात १९४९ पासूनची एमएस युनिव्हर्सिटी आहे, तिची लॉ फॅकल्टी आहे. सनद मिळवताना बार कौन्सिल तुम्ही क्लॅटला कितवे आलात हे विचारत नाही. मान्यताप्राप्त कॉलेजची डिग्री आणि ऑल इंडिया बार परीक्षा पास, एवढे लागते. त्या परीक्षेला मात्र खरोखरच पासिंग आहे. मोठ्या लॉ युनिव्हर्सिटीचे फायदे आहेतच, कंपन्या आणि मोठ्या फर्म तिथे येतात. पण तालुक्याच्या कोर्टात, लेबर कोर्टात, जमिनीच्या दाव्यांत काम करायचे असेल तर एका डिसेंबरच्या दुपारचे दोन तास आयुष्य ठरवत नाहीत.

आता काय करायचे

अर्ज भरण्याआधी एक कागद घ्या आणि वर चार ओळी लिहा. डोमिसाईल कोणत्या राज्याचे. प्रवर्ग राज्याच्या यादीत कोणता, केंद्राच्या यादीत कोणता. वर्षाला किती फी झेपेल. घरापासून किती लांब पाठवायची तयारी आहे. मग प्रत्येक कॉलेजसमोर फक्त आपल्या यादीचा, मागच्या तीन वर्षांचा, पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा रँक लिहा. आकडे कन्सोर्शियमच्या किंवा त्या विद्यापीठाच्या वेबसाईटवरून घ्या. क्लासच्या जाहिरातीतून नको. क्लासवाला सगळ्यांत गोड दिसणारा आकडा छापतो, तो बहुतेक वेळा तुमच्या यादीचा नसतो.

क्लॅटच्या अर्जात डोमिसाईलचे राज्य भरावे लागते. तिथे गुजरात लिहिताना काही घरांत हात अडखळतो, आपण मराठी ना, असे वाटते. त्यात मराठीपण कमी होत नाही. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलो, इथे कर भरला, मते दिली, मुले इथल्या शाळांत शिकली. त्या राहण्याचा जो हक्क आहे, तो मागायची ही जागा आहे. महाराष्ट्राच्या यादीत पाहुणे म्हणून रांगेच्या शेवटी उभे राहण्यापेक्षा आपल्या राज्याच्या यादीत घरचे म्हणून उभे राहिलेले बरे.